पाचशे साठ वर्षांचं घर, डोक्यावर गवत: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या शॉटरी गावच्या ॲन हॅथवेच्या घराचा फोटो आणि दोन परिच्छेदांची माहिती दिली होती. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन गावाला लागूनच ही वाडी आहे, शेक्सपियरची बायको ॲन लग्नाआधी इथंच राहायची, आणि घराच्या डोक्यावर आजही काडाचं जाडजूड छप्पर आहे. त्यावर सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतून एवढे प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. गवती घरं आपल्याकडं परवापरवापर्यंत होती त्यामुळं लोकांनी अगदी मुद्द्याचं विचारलंय, वाचून फार बरं वाटलं.

कराडहून एक वाचक: सर, मुलाकडं बर्मिंगहॅमला गेलो होतो तेव्हा हे घर बघून आलो. तिथं सांगितलं की घर १४६३ सालचं आहे. आमचं आजोळ पाटण तालुक्यातलं, छपराचं घर, दर उन्हाळ्यात शाकारायला लागायचं आणि एक वर्ष चुकलं की पावसात घरभर भांडी मांडावी लागायची. मग यांचं गवत साडेपाचशे वर्षं कसं काय टिकलं? हे काय पटंना.

काका, तुमची शंका एकदम बरोबर जागी आहे. १४६३ हे साल घराच्या सांगाड्याचं, म्हणजे ओकच्या लाकडाचं. छप्पर त्यानंतर किती वेळा बदललं असंल त्याची गणती नाही. तिकडं मुख्यतः तीन प्रकारचं काड वापरतात. पाणथळीत वाढणारा रीड, तो चाळीस पन्नास वर्षं सुद्धा जातो. दुसरं गव्हाचंच काड पण विंचरून, सगळे बुडखे एका बाजूला करून लावलेलं, ते पंचवीस ते पस्तीस वर्षं. आणि तिसरं गव्हाचं लांब काड, बुडखे-शेंडे मिसळलेलं, ते पंधरा ते पंचवीस. आढ्यावरचा थर मात्र कुठल्याही छपराचा दहा-पंधरा वर्षांत बदलावाच लागतो, कारण तिथं दोन्ही पाख्यांची तोंडं मिळतात आणि ऊनवारा तिथंच जास्त खातो.

पण इथं एक गंमत आहे जी मला स्वतःला फार आवडते. तिकडं जुनं छप्पर बऱ्याचदा मुळापासून उपसत नाहीत, वरचा कुजलेला थर तेवढा काढतात आणि खालच्या चांगल्या थरावर नवीन काड शिवतात, त्यामुळं सगळ्यात खालचा थर शेकडो वर्षं तसाच राहतो. दक्षिण इंग्लंडात, त्यातही डेव्हन परगण्यात, अशी घरं सापडलीत की ज्यांच्या छपराचा तळाचा थर मध्ययुगातला आहे, चुलीच्या धुरानं काळाकुट्ट झालेला. त्यात त्या काळचा गहू, राय नावाचं धान्य, शेतातलं तण, कणसं सगळं धुरात सुकून शाबूत राहिलंय आणि शास्त्रज्ञ त्यावरून सांगतात की त्या गावात तेव्हा काय पिकत होतं. म्हणजे छपरात गावच्या शेतीचं दप्तरच जपलं गेलंय म्हणा.

आता आपलं दरवर्षी का शाकारावं लागायचं ते. पहिलं कारण पाऊस. स्ट्रॅटफर्डच्या बाजूला वर्षाला सहा-साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या सांगलीच्या आसपासच, पण तो बारा महिन्यांत वाटून, भुरभुर. पाटणच्या डोंगराकडं त्याच्या कितीतरी पट आणि तो सुद्धा चार महिन्यांत, वाऱ्यासकट झोडपून. महाबळेश्वरला तर साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर जातो. दुसरं कारण जाडी. आपण वीतभर गवत टाकायचो, ते लोक फूटभर आणि कधी त्याच्याही वर, आणि एवढं दाबून की मूठ आत जाणार नाही. तिसरा उतार. गवताच्या छपराला कमीत कमी ४५ अंशांचा उतार लागतोच, तिकडं पन्नासच्या आसपास ठेवतात. पाणी एका काडीच्या टोकावरून खालच्या काडीच्या टोकावर, तिथून पुढच्या, असं करत वळचणीला येऊन टपकतं आणि फक्त वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर ओला होतो. बाकीचं आतलं काड कोरडं ठणठणीत. उतार कमी झाला की पाणी रेंगाळलं, रेंगाळलं की कुजलं. तुमच्या आजोळच्या घराचा उतार कसा होता आठवून बघा, घर बुटकं ठेवायचं म्हणून आपण तो बऱ्याचदा कमी करायचो.

वाईहून एक शिक्षिका: सर, मुलांना शेक्सपियरचा धडा शिकवताना हा फोटो वर्गात दाखवला. मुलं विचारतात की भिंतीत ही तिरकी आडवी लाकडं का दिसतात आणि घर मध्येच उंच मध्येच बुटकं का? मला नीट सांगता आलं नाही.

ताई, मुलांनी फार चांगलं बघितलंय, कारण त्या उंच-बुटक्या रेषेतच घराची सगळी हकीकत आहे.

बुटका भाग जुना, १४६३चा. आपण वाड्याचे खण मोजतो ना, तशीच ही घरं सुद्धा खणांत मोजतात. या जुन्या भागाला आधार द्यायला वाकड्या लाकडांच्या जोड्या आहेत. मुळातच वाकडं वाढलेलं ओकचं झाड निवडायचं, ते उभं मधोमध चिरायचं म्हणजे दोन सारखी वाकडी पाती मिळतात, ती दोन्ही बाजूंनी जोत्यापासून उभी करून वर आढ्याला एकमेकांना टेकवायची. भिंत आणि छप्पर दोन्हींचा भार हीच जोडी जमिनीत नेते. त्यामुळं मधली भिंत पडली तरी घर पडत नाही. मुलांना हे फळ्यावर काढून दाखवा, लगेच कळतं.

मधली तिरकी आडवी लाकडं म्हणजे सांगाड्याची चौकट. ओक वाळला की दगडासारखा होतो, करवतीला दाद देत नाही, म्हणून सुतार तो ओलाच घडवायचे. सगळी चौकट आधी आवारात जमिनीवर मांडून जुळवायची, प्रत्येक सांध्यावर पटाशीनं रोमन आकड्यांसारख्या रेघा मारायच्या, परत सुटी करायची आणि जागेवर नेऊन त्याच आकड्यांप्रमाणं उभी करायची. सांध्यात खिळा नाही, कुसू घालून आरपार ओकचीच खुंटी ठोकलेली, आणि लाकूड वाळत जाईल तसा सांधा आणखी आवळत जातो. अशा घरात गेलात तर दाराजवळच्या खांबावर नजर टाका, एखादी रेघांची खूण दिसतेच, पाचशे वर्षांपूर्वीच्या सुतारानं स्वतःच्या सोयीसाठी केलेली ती खूण बघून मला तर दरवेळी भरून येतं.

चौकटीच्या मधल्या जागेत कूड. हो, आपल्या जावळी-पाटणकडच्या घरांत असतो तोच कूड. हेझल नावाच्या झुडपाच्या फांद्या विणायच्या, त्यावर माती, शेण आणि तोडलेलं काड कालवून दोन्ही बाजूंनी थापायचं, वर चुन्याचा हात. आपण कामट्या आणि कारवी वापरली, त्यांनी हेझल, बाकी काही फरक नाही.

आता उंच भाग. घर पहिलं बांधलं तेव्हा मधला हॉल थेट आढ्यापर्यंत उघडा होता आणि जमिनीवर मधोमध जाळ पेटायचा, धूर वर जाऊन काडातूनच वाट काढायचा. चिमणी नव्हतीच. हॅथवे मंडळी या घरात आली ती कूळ म्हणून, ॲनचा आजोबा जॉन हा मेंढ्या पाळणारा शेतकरी, जमीन दुसऱ्याची. घराला हेवलँड्स म्हणायचे आणि नव्वद एकरांच्या वर रान होतं. ॲनचा बाप रिचर्ड १५८१ मध्ये गेला, पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात ॲनचं लग्न झालं, ती २६ची, नवरा १८ वर्षांचा. तिचा भाऊ बार्थोलोम्यू यानं १६१० मध्ये घर आणि जमीन विकत घेतली, म्हणजे कुळाचा मालक झाला. आणि मालक झाल्यावर माणूस काय करतो, घराला हात घालतो! चिमण्या, वरचा मजला, बाजूची उंच जोड ही सगळी साधारण त्या काळातली कामं. पुढच्या पिढ्यांनी सुद्धा भर घातली, चिमणीवर एक दगड आहे त्यावर आय एच १६९७ असं कोरलंय, तो त्याच घराण्यातला नंतरचा जॉन, तेव्हा 'जे' (J) हे इंग्रजी अक्षर 'आय' (I) सारखंच काढायचे.

हे एकट्या हॅथवेंचंच नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडभर बरे दिवस आलेले शेतकरी घरात धुराडी आणि माळे घालायला लागले होते, गावागावात एवढ्या चिमण्या झाल्या की विल्यम हॅरिसन नावाच्या पाद्र्यानं १५७७च्या पुस्तकात लिहून ठेवलंय की म्हातारी माणसं याचं नवल करतात. आज त्या घरात १२ खोल्या आहेत. वर्गात सांगताना एवढंच सांगा की बुटका भाग कुळाचा आणि उंच भाग मालकाचा, मुलं विसरणार नाहीत.

मिरजेहून एक वाचक: छपराचं घर म्हणजे गरिबी, हेच आपण बघत आलो. पत्रा आला, स्लॅब आला, लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. इंग्रज लोक त्याचं एवढं कौतुक का करतात? त्यांना पावसात गळणारं घर माहिती नाही का?

माहिती होतं की, चांगलं माहिती होतं. तिकडच्या शेतमजुरांच्या घरांची अवस्था एकोणिसाव्या शतकात फार वाईट होती, एका खोलीत सगळं कुटुंब, ओल, उंदीर. कालवे आणि रेल्वे आल्यावर वेल्सची पाटी, म्हणजे कौलासारखी घालायची दगडाची पातळ फरशी, स्वस्तात गावोगाव पोहोचली आणि ज्याला जमलं त्यानं काड उतरवून पाटी घातली. आपल्याकडं मंगलोरी कौलांनी हेच केलं, बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये मंगळूरला सुरू झाला आणि बघता बघता कोकण, घाट, सगळीकडं लाल कौलं.

मग कौतुक कुठून आलं, तर पैसेवाल्यांकडून. आपल्या इस्टेटीत मुद्दाम खेडवळ दिसणारी घरं बांधायची हौस त्यांना आली. जॉन नॅश या मोठ्या आर्किटेक्टनं ब्रिस्टलजवळ ब्लेझ हॅम्लेट नावाची छोटी वस्ती १८११च्या सुमाराला बांधली, त्यातल्या काही घरांना गवताची छपरं आहेत. गरीब माणूस ज्यातून बाहेर पडत होता त्यात श्रीमंताला सौंदर्य दिसायला लागलं, हे जरा बोचतं, तुमचं म्हणणं मी समजू शकतो. पण त्याच काळात दुसरी एक गोष्ट झाली ती महत्त्वाची. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस वगैरे मंडळींनी जुन्या इमारती वाचवायची संस्था काढली, त्यांचं म्हणणं असं की जुनं घर पाडून परत जुन्यासारखं नवीन बांधू नका, आहे ते दुरुस्त करत राहा. हॅथवेंचं घर १८४६ मध्ये पैशाच्या ओढगस्तीत विकलं गेलं होतं, कुटुंब तिथंच भाड्यानं राहत होतं, ते १८९२ मध्ये शेक्सपियर बर्थप्लेस ट्रस्ट या शेक्सपियरशी जोडलेली घरं जपणाऱ्या संस्थेनं घेतलं आणि घराण्यातली मेरी बेकर ही वयस्कर बाई त्यानंतर सुद्धा तिथंच राहून येणाऱ्यांना घर दाखवायची. हे वाचवणारे लोक नसते तर आज तिथं काहीही दिसलं नसतं.

आणि दादा, गळतं ते काड नव्हे. गळतो तो मेंटेनन्स न केलेला कोपरा, मग वर काड असो नाहीतर स्लॅब असो, मिरजेत स्लॅबची घरं गळताना तुम्ही काय कमी बघितलीत?

पलूसहून एक शेतकरी: सर नमस्कार. आमचा ऊस आहे, पाचट भरपूर निघतं. शेतावर कृषी पर्यटनासाठी दोन खोल्या बांधायच्यात, त्या इंग्लिश घरासारखं जाड छप्पर पाचटाचं केलं तर चालंल का? गव्हाचं काड पण मिळतंय.

दादा, कल्पना चांगली पण पाचटाचं नको. ऊसतोडीच्या खोपीला पाचट चालतं कारण ती चार-सहा महिन्यांची असते. पाचट म्हणजे चपटं पान, ते पाणी धरून ठेवतं, एकमेकाला चिकटतं आणि कुजतं. छपराला लागतं ते गोल, पोकळ, ताठ, वरून गुळगुळीत काड, म्हणजे पाणी चिकटतच नाही. तुमचं पाचट शेतातच कुजवा, जमिनीला सोनं आहे ते.

गव्हाच्या काडाचं म्हणाल तर तिथंच खरी मेख आहे आणि इंग्लंडच्या शाकारणाऱ्यांना सुद्धा तिथंच मार बसला. काड दोन गोष्टींनी गेलं. एक, कंबाइन हार्वेस्टर, तो काडाचा चुरा करून टाकतो, तुकडे छपराला काय कामाचे? दुसरं, बुटका गहू. दुसऱ्या महायुद्धानंतर जास्त उताऱ्याच्या बुटक्या जाती आल्या, शिवाय नत्राचा मारा, त्यानं काड मऊ आणि ठिसूळ होतं, लवकर सडतं. आपल्याकडं सुद्धा साठच्या दशकात लेर्मा रोहो, सोनोरा ६४ या मेक्सिकोच्या बुटक्या जाती आल्या, त्यांनी देशाची भूक भागवली यात वादच नाही, पण उंच काड संपलं. तिकडं मग काही शेतकऱ्यांनी छपरासाठीच म्हणून जुन्या उंच जाती लावायला सुरुवात केली. मारिस विजन नावाची केंब्रिजला तयार झालेली १९६४ची जात अजून मुद्दाम पिकवतात, दाणा पूर्ण पिकायच्या जरा आधी जुन्या बाइंडर मशीननं कापतात, पेंढ्या उभ्या करून रानात वाळवतात आणि दाणे काढताना काड मोडणार नाही असं बघतात. धान्यापेक्षा काडाचे जास्त पैसे होतात. तरी पुरत नाही, रीड तर बराचसा तुर्कस्तान, हंगेरी, चीन अशा देशांतून बोटीनं येतो.

तुमच्या भागात खपली लावणारे शेतकरी आहेतच. खपलीचं काड साध्या गव्हापेक्षा उंच असतं. हातानं कापलेलं, कमी खताचं, झोडपून दाणे काढलेलं, मशीनमध्ये न घातलेलं काड मिळालं तर आधी एक छोटं छप्पर करून बघा, गोठ्यावर किंवा शेतातल्या कट्ट्यावर. एकदम दोन खोल्यांवर उडी घेऊ नका.

करायची पद्धत थोडक्यात सांगतो. वासे आणि आडव्या पट्ट्या आधी पक्क्या, उतार पन्नास अंश, यात तडजोड नाही. वळचणीपासून सुरुवात, खालून वर. काडाच्या पेंढ्या दाट लावायच्या, बुडखे खाली आणि बाहेर, त्यावर आडवी काठी ठेवून ती वाशाला आवळायची, वरच्या थरानं ती काठी झाकली गेली पाहिजे, उघडी राहिली की तिथून पाणी आत शिरलंच. तिकडं ते एक खाचांचा लाकडी ठोकळा वापरतात, दांड्याचा, त्यानं काडाचे बुडखे वरच्या दिशेनं ठोकत ठोकत सगळा पृष्ठभाग एकसारखा करतात, कापून नाही. आणि वरचा थर खालच्या थरात धरून ठेवायला हेझलच्या काटक्या, हातभर लांब, दोन्ही टोकं तासून अणकुचीदार केलेल्या, त्या मधोमध पिळ देऊन हेअरपिनसारख्या वाकवायच्या आणि काडात खुपसायच्या. नुसती वाकवली तर काटकी मोडते, पिळली की धागे सुटतात आणि ती तुटत नाही. आपल्याकडं बांबूच्या ओल्या कामटीनं हे जमायला हरकत नाही. वळचण भिंतीपासून हात-दीड हात पुढं काढा. या छपराला पन्हाळ नसते, पाणी भिंतीपासून लांब पडलं पाहिजे, नाहीतर जोतं भिजतं.

आणि एक, पश्चिमेकडची झोडपणारी बाजू. महाबळेश्वर-पाचगणीला पावसाळ्याआधी भिंतींनाच गवत बांधायची पद्धत होती, इंग्रजांचे बंगले सुद्धा त्यातून सुटले नाहीत. तुमच्याकडं तेवढा पाऊस नाही पण खोल्यांची तोंडं तरी पूर्वेला ठेवा.

कोरेगावहून एक गृहिणी: दादा, मला एवढंच विचारायचंय की आग लागली तर? आणि उंदीर, साप, किडे? आमच्या सासूबाई छपराच्या घरातल्या, त्या म्हणतात रात्री डोळा लागायचा नाही.

वहिनी, सासूबाईंचं खरं आहे, आग हे या घरांचं सगळ्यात मोठं भय. लंडनमध्ये मोठी आग लागून गेल्यावर १२१२ मध्ये गवताच्या छपरांवर बंदीच घातली होती. शेक्सपियरचं ग्लोब थिएटर १६१३ मध्ये नाटकातल्या तोफेची ठिणगी छपरावर पडून तासा-दोन तासांत खाक झालं. आज तिथं जे नवीन ग्लोब आहे, १९९७चं, त्याचं छप्पर हे १६६६च्या मोठ्या आगीनंतर लंडनला परवानगी मिळालेलं पहिलं गवती छप्पर, आणि तिथं आढ्यावर पाण्याचे फवारे बसवलेत. खेड्यांत चर्चमध्ये लांब दांड्याचे लोखंडी आकडे ठेवायचे, पेटलं की छप्पर ओढून खाली पाडायला.

ॲन हॅथवेच्या घराला सुद्धा १९६९ मध्ये आग लागली होती, बरंच नुकसान झालं, नंतर त्याच पद्धतीनं दुरुस्त केलं.

गंमत अशी की दाबून बसवलेलं काड पटकन भडकत नाही, आत हवाच नसते. आपलं सैल गवत भडकतं. तिकडच्या बऱ्याचशा आगी चिमणीमुळं लागतात, म्हणजे ठिणगी उडून, किंवा चिमणीच्या विटा जुन्या होऊन तिची धग आतल्या काडाला लागून. म्हणून चिमणी आढ्याच्या वर १.८ मीटर तरी पाहिजे म्हणतात, वर्षातून एक-दोनदा ती झाडून घ्यायची, आणि इन्शुरन्सवाले हे सगळं विचारतात. वायरिंग सुद्धा काडापासून लांब.

उंदरांचं म्हणाल तर ते येतात दाण्यांसाठी. काडात कणसं राहिली नाहीत की निम्मा त्रास गेला. पक्षी काड उपसतात म्हणून वरून बारीक तारेची जाळी घालतात. पूर्वी उघड्या चुलीचा धूर काडातून जायचा तेव्हा किडे आपोआप कमी व्हायचे, तुमच्या सासूबाईंना विचारा, चुलीवरच्या भागातलं गवत बाकीच्यापेक्षा जास्त टिकायचं का ते. माझी खात्री आहे त्या हो म्हणतील.

सांगलीहून एक कॉलेजची विद्यार्थिनी: शेक्सपियरनं मृत्युपत्रात बायकोला फक्त 'दुसऱ्या नंबरचा पलंग' ठेवला असं वाचलं. तो याच घरातला का?

नाही. ते मृत्युपत्र १६१६चं, तेव्हा शेक्सपियर कुटुंब स्ट्रॅटफर्डमधल्या न्यू प्लेस नावाच्या त्यांच्या स्वतःच्या मोठ्या घरात राहत होतं. शॉटरीचं घर भावाकडं गेलेलं होतं. पलंगावरून बायकोवर राग होता असा तर्क लोक काढतात पण त्या काळी घरातला सगळ्यात चांगला पलंग पाहुण्यांसाठी ठेवायचे, दुसरा नवरा-बायकोचा, त्यामुळं त्यात माया सुद्धा असू शकते. त्या काळात पलंग ही घरातली महागातली वस्तू, मृत्युपत्रात भांडी-अंथरुणं सगळं लिहायचेच.

आटपाडीहून एक वाचक: आमचं माळवदाचं घर आहे, पणजोबांच्या काळचं. मातीचं धाबं, जाड भिंती, उन्हाळ्यात गार. दोन ठिकाणी गळतंय. मुलं म्हणतात पाडून आरसीसी करूया. गावातले एक जण म्हणाले वर सिमेंटचा कोबा करा म्हणजे प्रश्न मिटला. इंग्लंडमधली माणसं अशा वेळी काय करतात?

आबा, तुमचं पत्र वाचून मी लगेच उत्तर लिहायला घेतलं कारण पावसाच्या आत हे तुमच्यापर्यंत पोहोचलं पाहिजे. सिमेंटचा कोबा करू नका.

तिकडं हीच चूक विसाव्या शतकात घाऊक झाली. लाकडी चौकटीच्या, कुडाच्या घरांना चुन्याऐवजी सिमेंटचं प्लास्टर केलं, दिसायला मस्त, पण सिमेंट वाकत नाही आणि आतली वाफ बाहेर सोडत नाही. बारीक तडा गेला, त्यातून पाणी आत गेलं आणि आतच अडकलं, चारशे वर्षं टिकलेला ओक वीस-तीस वर्षांत मऊ पडला. आता तेच लोक ते प्लास्टर खरवडून परत चुना लावतायत. तिथं मोठ्या महत्त्वाच्या इमारतींची सरकारी यादी असते, १९४७च्या कायद्यापासून ती सुरू झाली, हॅथवेंचं घर त्यात पहिल्या श्रेणीत आहे, आणि यादीतल्या घराचा मालक परवानगीशिवाय असले बदल करू शकत नाही. तुमच्या घराला असा कायदा नाही, त्यामुळं निर्णय तुम्हा घरच्यांचाच.

गळती कुठं आहे ते आधी आतून बघा. वाशांवर डाग कुठल्या जागी आलाय, त्याच्या बरोबर वर धाब्यावर काय आहे, बहुतेक वेळा पन्हाळीच्या तोंडाशी नाहीतर भिंतीच्या कडेला असतं. वाशाला टोचून बघा, अणकुचीदार सळई अर्धा इंच सहज आत गेली तर तो वासा गेला, नाहीतर आहे तो चांगला. गेलेले वासे तेवढे बदला, सगळे नाही. वरची जुनी माती तेवढ्या भागात काढून चाळा, नवीन पांढरी माती घाला, तुमच्या गावच्या पांढरीचीच घ्या, थोडं पाणी मारून धुमसानं चोपा, आणि उतार पन्हाळीकडं येतोय का ते बादलीभर पाणी ओतून बघा, कुठं थांबलं तिथं परत माती. धाब्यावर उगवलेली रोपं उपटायची, मुळासकट. पन्हाळी साफ. गावात माळवदावर काम केलेलं एखादं जुनं माणूस अजून असंल तर त्याला आधी गाठा आणि मुलांना त्याच्या हाताखाली उभं करा. खर्च आरसीसीच्या मानानं फारच कमी येईल.

मुलांना वेगळी खोली, बाथरूम, गाड्या लावायला जागा पाहिजे असंल, ते सुद्धा बरोबरच आहे, तर ती जोड मागच्या अंगाला नवीन बांधा, जुन्या भिंतीवर भार न टाकता. जुन्या भिंतीचा आणि नव्या भिंतीचा सांधा तेवढा एखाद्या जाणत्या गवंड्याकडून करून घ्या, तिथं सिमेंटनं बांधून टाकू नका, दोन्ही आपापल्या परीनं हलतात. फोटो पाठवा, वाशांचे जवळून आणि पन्हाळीचे दोन्ही बाजूंनी, पुढच्या अंकात त्याबद्दल सविस्तर लिहितो.